ही पावतीच हाय न्हवं?

मी बँकेतली नोकरी सोडली त्याला आता काही वर्षं होऊन गेली. तरी अजून लग्नात, बारशात कुणी जुनं माणूस भेटलं की विचारतं, "नोटाबंदीला कंटाळून सोडलीस ना गं?" मी मान डोलावते आणि त्यांच्या मुलांची चौकशी करायला लागते. खरं उत्तर मांडवात उभ्या उभ्या सांगण्यासारखं नाही. पण बँकेत नव्यानं लागलेल्या मुली कधीकधी फोन करतात आणि हळू आवाजात विचारतात, "मॅडम, आता सोडावी हे तुम्हाला कसं कळलं?" त्यांना तरी नीट सांगायला हवं असं फार दिवस मनात आहे.

नोटाबंदीत मला नोकरी सोडावीशी एकदाही वाटली नाही.

8 नोव्हेंबर 2016 ला रात्री घोषणा झाली. दुसऱ्या दिवशी बँका लोकांसाठी बंद होत्या. 10 तारखेला सकाळी साताऱ्यातल्या आमच्या शाखेचं शटर अर्धं वर गेलं, तेव्हा रांग रस्त्याला वळसा घालून पलीकडच्या गल्लीत गेली होती. त्या आठवड्यातला दुसरा शनिवार आणि रविवार, दोन्ही दिवस बँका चालू. आधी माणशी चार हजार बदलून द्यायचे, मग साडेचार हजार, मग एकदम दोन हजार. नियम बदलला की तो रांगेला ओरडून सांगायचा. मध्येच बोटाला शाई लावायचा आदेश आला. दोन हजारांची नवी नोट एटीएमच्या जुन्या ट्रेमध्ये बसेना. जिल्हा बँकांना जुन्या नोटा घ्यायला मनाई झाली, तशी गावागावातली त्यांची माणसंही आमच्या दारात येऊन उभी राहिली. रात्री अकरा वाजता कॅश टॅली व्हायची. नोटा मोजताना बोट भिजवायला स्पंजची डबी असते, तिच्यातलं पाणी दुपारपर्यंत काळं व्हायचं.

त्या नोटांचे वास मला अजून आठवतात. बायकांनी आणलेल्या नोटांना मेथीचा वास यायचा, हिंगाचा यायचा. डाळीच्या डब्यात, मिसळणाच्या डब्याखाली, गोधडीच्या शिवणीत ठेवलेले पैसे. एक बाई पदराच्या गाठीतून पाचशेच्या एकोणीस नोटा काढून म्हणाली, "ताई, ह्यांना कळू द्यायचं न्हाई, जमंल का?" मी तिला तिच्या एकटीच्या नावाचं खातं काढून दिलं. फॉर्म भरला, फोटो चिकटवला, पासबुक दिलं. तिनं पासबुक छातीशी धरलं आणि तशीच गर्दीतून बाहेर गेली. त्या दिवशी मी दुपारचं जेवले नव्हते आणि संध्याकाळी पाय इतके सुजले होते की चप्पल चढेना. पण घरी जाताना मी मनातून समाधानी होते. समोरच्या माणसाला काय हवंय ते कळत होतं, मी ते देऊ शकत होते, आणि न देता येण्यासारखं असेल तर तसं तोंडावर सांगू शकत होते.

थकवा हे नोकरी सोडायचं कारण होऊ शकतं, प्रकृतीच बिघडत असेल तर व्हायलाच हवं. माझ्या बाबतीत मात्र थकवा नेहमी झोपेनं जायचा. राग रजेनं जायचा. 2008 साली अधिकारी म्हणून बढती मिळाली आणि त्याबरोबर कोकणातली बदली. मुलगी पाच वर्षांची. तीन वर्षं दर शनिवारी अर्धा दिवस संपला की एसटीनं घाट चढून घरी यायचं आणि सोमवारी पहाटे अंधारात परत निघायचं. तेव्हा किती वेळा तरी मनातल्या मनात राजीनामा लिहिला. एकदा काउंटरवर पाच हजार कमी आले, ते पगारातून भरले आणि आठवडाभर कुणाशी बोलले नाही. एकदा माझ्या मागून लागलेल्या माणसाला माझ्या आधी स्केल टू, म्हणजे पुढची बढती, मिळाली. प्रत्येक वेळी वाटलं, बास. प्रत्येक वेळी ते 'बास' पंधरा दिवसांत विरलं. रविवारी संध्याकाळी पोटात गोळा येणं तर इतक्या जणांना होतं की त्यावरून काही ठरवूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

नोकरीला लागले तेव्हाच, अगदी सुरुवातीला, मी एका माणसाला वेळेवर जाताना पाहिलं होतं. बँकिंग सर्व्हिस रिक्रूटमेंट बोर्डाची परीक्षा देऊन मी जून 1999 मध्ये कराडच्या शाखेत क्लार्क म्हणून रुजू झाले. आमचे हेड कॅशिअर म्हणजे सगळ्यांचे काका. शंभराची गड्डी नुसती अंगठ्यानं सरकवून "यात एक कमी आहे" सांगणारे. मोजली तर खरंच नव्व्याण्णव निघायच्या. 2000-01 मध्ये सरकारी बँकांत स्वेच्छानिवृत्तीची ती मोठी योजना आली. पंधरा वर्षं नोकरी किंवा चाळीस वर्षं वय झालेल्या कुणालाही अर्ज करता येत होता. देशभरातून लाखभर माणसं एका फटक्यात बाहेर पडली. काकांनीही अर्ज केला. तेव्हा लेजर जाऊन कॉम्प्युटर येत होते आणि शाखेत सगळे म्हणत होते की काका कॉम्प्युटरला घाबरले. मला ते पटत नव्हतं. त्यांच्या शेवटच्या आठवड्यात मी विचारलंच.

"घाबरलो नाही गं बाळ," ते म्हणाले. "शिकलो असतो. दोन महिन्यांत जमलं असतं. पण शिकावंसं वाटेना, आणि हे मला आयुष्यात पहिल्यांदा होतंय."

पुढच्या महिन्यात ते पेन्शन काढायला आले ते इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला दोन पेनं लावून. आत यायला सगळ्यांनी बोलावलं, पण ते रांगेतच उभे राहिले. मी तेवीस वर्षांची होते. मला त्यांची दया आली. आता कळतं की दया येण्यासारखं तिथं काही नव्हतं. ते रांगेत अगदी मजेत उभे होते.

आता माझ्याविषयी.

बँकांना विमा विकायची परवानगी 2000 सालीच मिळाली, पण आमच्यासारख्या शाखेत पुष्कळ वर्षं ते काम फावल्या वेळचं होतं. मग हळूहळू ते मध्यावर आलं. सकाळी दहाला मोबाईलवरच्या ग्रुपात आकडा यायचा. संध्याकाळी सहाला वरून कॉन्फरन्स कॉल. त्या कॉलवर पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "आज शून्य कुणाकुणाचं आहे?" ज्यांचं शून्य त्यांनी आपलं आणि शाखेचं नाव सांगायचं. पन्नाशीला आलेली माणसं, ज्यांनी शेकडो शेतकऱ्यांची पीक कर्जं केली होती, इन्स्पेक्शनमध्ये एक शेरा येऊ दिला नव्हता, ती फोनला तोंड लावून म्हणायची, "सर, आमचं शून्य."

विमा वाईट असतो असं मी म्हणत नाही. माझा स्वतःचा आहे, नवऱ्याचा आहे. कमावत्या माणसाचा साधा विमा असायलाच हवा, हे मी आजही दहा जणांना सांगते. पण आमच्याकडे जे विकलं जायचं ते बहुतेक वेळा दरसाल हप्ता भरायच्या गुंतवणुकीच्या योजना होत्या, आणि त्या ज्यांना विकायच्या ते आमच्या टेबलापर्यंत मुदत ठेवीची पावती करायला आलेले असायचे. त्यांचा बँकेवर विश्वास होता. त्या विश्वासावरच तर सगळं चालायचं. ही गोष्ट आमच्यापैकी प्रत्येकाला माहीत होती आणि कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं.

2018 चा गुढीपाडवा 18 मार्चला, रविवारी होता. सोमवारी सकाळी त्या आल्या. मेढ्याच्या पुढच्या एका गावच्या. वय छप्पन, दिसायला सत्तरच्या. हिरवं काठाचं लुगडं, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत कागदांची गुंडाळी.

"नवं साल लागलं, म्हनलं चांगल्या दिसाला पैसं ठेवावं," त्या म्हणाल्या. "आमचं मालक मम्बईला माथाडी हुतं. गेलं औंदा. बोर्डाचं पैसं आल्यात. तीन लाख हायती."

जावळी-पाटणची माणसं पिढ्यान् पिढ्या मुंबईत ओझी उचलायला गेलेली. आधी मशीद बंदराला, मग वाशीच्या मार्केटला. हमालांच्या मजुरीचं आणि फंडाचं बोर्ड ज्यातून आलं तो माथाडी कायदा झाला 1969 साली, आणि त्याच वर्षी चौदा बँका सरकारच्या झाल्या. म्हणजे या बाईचे पैसे बोर्डात जमा होऊ शकले आणि मग आमच्या दारात येऊ शकले, त्या दोन्ही गोष्टींची सुरुवात एकाच वर्षातली. हे मी तेव्हा मनात आणलं नव्हतं. नंतर रात्री जागताना आलं.

"मावशी, बसा," मी म्हणाले.

"बुडायचं न्हाईत न्हवं, बाई? त्येंच्या पाठीवरचं पैसं हायती."

"नाही मावशी, बँक आहे ही."

हे वाक्य खरं होतं. त्यानंतर मी जे बोलले त्यातलं कुठलंच वाक्य तसं खोटं नव्हतं, आणि सगळं मिळून खोटं होतं. मी म्हटलं, दोन लाखांची पावती करू आणि एक लाख या योजनेत घालू, यात विमाही मिळेल आणि पैसेही वाढतील. पाच वर्षं हप्ता भरायचा असतो, हे मी बोलले. पण कसं बोलले? फॉर्मचं पान उलटता उलटता, दोन वाक्यांच्या मध्ये, 'आधार कार्ड द्या' म्हणायच्या सुरात बोलले. पुढची चार वर्षं दरसाल लाख रुपये ही बाई कुठून आणणार, हे मला त्या क्षणी पुरतं माहीत होतं. तिच्याकडे उरणारच होते दोन.

मी शाईचा पॅड पुढे केला तर त्यांनी तो बाजूला सारला. "अंगठा नगं. सही येती मला. पोरानं शिकवलीया."

सह्या बारा होत्या. त्या प्रत्येक सहीला वेळ लावत होत्या. पेन मुठीत धरल्यासारखं धरून आधी अक्षरं, मग काना, मग वेलांटी, आणि शेवटी वर रेघ. रेघ सरळ आली की जरा मागं होऊन बघायच्या. माझं बोट पुढच्या जागेवर टेकलेलं. इथं मावशी. आता इथं. इथं खाली. घड्याळात सव्वाबारा झाले होते आणि माझ्या मनात एकच गोष्ट होती. आता ह्यांनी काही विचारू नये. एवढ्या चार सह्या होईपर्यंत तरी काही विचारू नये.

त्यांनी काही विचारलं नाही.

संध्याकाळच्या कॉलवर माझं शून्य नव्हतं. मॅनेजरसाहेबांनी टेबलाशी येऊन "वा मॅडम" म्हटलं. ते वाईट माणूस नव्हते, हे मला इथं आवर्जून सांगायचंय. त्यांची आई अर्धांगानं अंथरुणाला खिळलेली होती आणि आकडा भरला नाही तर बदली कुठं होईल याचा त्यांना घोर होता. त्यांच्या वरच्या साहेबांनाही असाच कसला तरी घोर असणार.

मी घरी आले, स्वयंपाक केला. रात्री दोनला जाग आली ती आलीच. अठरा-एकोणीस वर्षं मी काउंटरच्या या बाजूला बसले होते आणि लोकांनी मला हजारो प्रश्न विचारले होते. तेच तेच प्रश्न. व्याज किती, नॉमिनी कसा घालायचा, व्याजावर कर कापू नये म्हणून द्यायचा तो पंधरा-जी फॉर्म कधी भरायचा, चेक का परत आला. कधी त्रासले, चिडले, कुणावर ओरडलेही असेन. पण समोरच्यानं विचारूच नये असं मला कधी वाटलं नव्हतं. त्या दुपारी वाटलं. आणि मागं वळून पाहिलं तर ते पहिल्यांदा नव्हतं. वर्षभर तरी वाटत आलं होतं. जो माणूस खूप विचारतो त्याला मी मुकाट पावती करून देत होते, आणि जो विचारत नाही त्याच्यापुढे तो दुसरा फॉर्म सरकवत होते.

आता सोडावी, हे मला त्या रात्री कळलं.

पण आधी एक काम करायचं होतं. पॉलिसी हातात पडल्यापासून पंधरा दिवसांत ती परत करता येते, असा तेव्हा नियम होता. स्टँप ड्युटी वगैरे कापून पैसे परत मिळतात. वर्षअखेरीची धावपळ संपली आणि 8 एप्रिलच्या रविवारी मी मेढ्याची एसटी पकडली. मेढ्यातून पुढं वडापची जीप. घरी नवऱ्याला फक्त एवढंच सांगितलं की एका खातेदाराकडे जाऊन येते.

मावशींनी मला बघितलं आणि त्या घाबरल्या. रविवारी बँकेतली बाई दारात म्हणजे पैसे गेले, असं त्यांना वाटलं असणार. पाणी दिलं, घोंगडी टाकली. मी म्हटलं, ते पाकीट आलंय का? त्यांनी आतून पत्र्याची ट्रंक ओढून आणली. ट्रंकेत वरच, मालकांच्या माथाडी बोर्डाच्या ओळखपत्राशेजारी, ते इंग्रजी अक्षरांचं जाड पाकीट न उघडता ठेवलेलं होतं. त्याला हळदकुंकू लावलं होतं.

मी सगळं सांगितलं. हळू, एक एक करून. दरसाल लाख भरावे लागतील. मधेच सोडलं तर नुकसान होईल. हे आता परत करता येतं, एका अर्जावर सही करा, पैसे तुमच्या खात्यात येतील, मग त्याची साधी पावती करू.

त्या ऐकत होत्या. माझ्याकडे बघत नव्हत्या, पाकिटाकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "मंग तवा का सांगितलं न्हाईसा?"

रागानं नाही म्हणाल्या. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. बँकेतली बाई, शिकलेली, चष्म्याची, आपल्याला 'मावशी' म्हणणारी. तिला हे माहीत होतं तर तिनं तेव्हा का सांगितलं नाही? त्यांना त्याचा उलगडा होत नव्हता.

मी म्हटलं, "माझं चुकलं."

याहून अधिक मला काही सांगता आलं नाही, आणि याहून अधिक खरं काही नव्हतंही. टार्गेटचं, कॉलचं, साहेबांचं त्यांना सांगून काय करायचं होतं? त्यांनी सही केली. तशीच, सावकाश, शेवटी वर रेघ ओढून. निघताना त्यांनी मला शेरभर नाचणी बांधून दिली. मी नको म्हणत होते. त्या म्हणाल्या, "उन्हाचं आलायसा."

पैसे परत आले. शाखेच्या आकड्यातून ती पॉलिसी वजा झाली आणि त्याबद्दल मला वरून जे ऐकायला मिळायचं ते मिळालं. त्याचं मला फार काही वाटलं नाही.

मग लगेच का सोडली नाही? मुली हेही विचारतात, आणि इथं मला अजिबात आडपडदा ठेवायचा नाही. आमच्या पेन्शनच्या नियमात वीस वर्षं भरली की तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते आणि पेन्शन मिळते. वीसच्या आधी राजीनामा दिला तर मागची सगळी नोकरी पेन्शनसाठी पुसली जाते. माझी पावणेएकोणीस झाली होती. तेहतीस वर्षांना पूर्ण पेन्शन धरतात आणि वीसला त्या प्रमाणात, वर स्वेच्छानिवृत्तीवाल्यांना पाच वर्षांपर्यंतची भर. मी आणि नवऱ्यानं जेवणाच्या टेबलावर मुलीच्या जुन्या गणिताच्या वहीत हिशेब मांडला. त्याचा अनुदानित शाळेतला पगार, घराच्या कर्जाचे राहिलेले हप्ते, मुलीचं कॉलेज, सासूबाईंची औषधं. तीन वेळा बेरीज केली. नवरा म्हणाला, "दीड वर्ष काढू शकशील?"

आई फोनवर म्हणाली, "अगं, सरकारी बँक सोडतं का कुणी? लोक देव पाण्यात घालून बसतात." तिचं चूक नव्हतं. तिनं आयुष्यभर महिन्याच्या एक तारखेची वाट पाहत घर चालवलं होतं.

सासूबाईंनी मात्र काहीच विचारलं नाही. दोन दिवसांनी भाजी निवडताना म्हणाल्या, "तू पूर्वी बँकेतल्या गंमती सांगायचीस जेवताना. किती दिवसांत सांगितली नाहीस." मी हातातली मेथीची जुडी खाली ठेवली. मला ते लक्षातच आलं नव्हतं. घरातल्या माणसांना आपल्या आधी कळलेलं असतं.

कळणं आणि निघणं यांच्यामधला हा काळ कसा काढायचा, याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. मला तोच सगळ्यात अवघड गेला. मी स्वतःपुरतं एक ठरवलं. फॉर्म काढायच्या आधी तीन वाक्यं म्हणायची, पेन खाली ठेवून, समोरच्याच्या डोळ्यांत बघून. ही मुदत ठेव नाही. दरसाल एवढे पैसे इतकी वर्षं भरावे लागतील. मध्येच सोडलं तर नुकसान आहे. त्यावर माणूस 'चालेल' म्हणाला तरच पुढं जायचं. दहातले नऊ नको म्हणायचे. एखादा कमावता, ज्याला खरंच परवडत होतं, तो घ्यायचा आणि ते मला मान्य होतं. संध्याकाळच्या कॉलवर मी माझं शून्य सांगायला शिकले. पहिल्या आठवड्यात आवाज कापायचा. वार्षिक शेरा खाली आला. लोन डेस्कवरून मला पासबुक प्रिंटिंगशेजारच्या टेबलावर बसवलं. खरं सांगायचं तर त्या टेबलावरचं वर्ष माझ्या नोकरीतल्या चांगल्या वर्षांपैकी एक होतं. सगळे म्हातारे तिथंच यायचे.

आमच्या शाखेत विमा कंपनीचा एक मुलगा बसायचा. बँकेचा नोकर नव्हे, कंपनीचा. कोपऱ्यात छोटं टेबल, अंगात उसना असावा असा ढगळ कोट. मी निघणार हे त्याला कळलं तेव्हा तो चहाच्या वेळी माझ्याजवळ आला. म्हणाला, "मॅडम, तुम्ही ती तीन वाक्यं बोलता ना, ती मी बोललो तर महिनाअखेरीला माझी नोकरी जाईल. तुम्हाला पेन्शन आहे." त्याच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. गावाकडं त्याच्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं होतं.

त्याला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. सोडता येणं हे सगळ्यांच्या हातात नसतं. जी माणसं कळूनही थांबतात त्यांना भित्री म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मी स्वतः दीड वर्ष थांबलेच की, आणि माझ्या मागं तर नवऱ्याचा पगार होता. पण त्याला एक गोष्ट मी सांगितली होती ती इथंही लिहिते. ज्यांना सोडता येत नाही त्यांनीसुद्धा आपल्याला काय कळलंय ते स्वतःपासून लपवू नये. तो मुलगा पुढं दोन वर्षांनी एका पतसंस्थेत लागला, पगार कमी घेऊन. मला पेढे द्यायला घरी आला होता.

मार्च 2019 मध्ये मावशी पावती नवी करायला आल्या. सरळ माझ्या टेबलापाशी. मी फॉर्म भरला, पावती छापून पुढं ठेवली आणि सहीची जागा दाखवायला बोट पुढं केलं. त्यांनी माझं बोट हातानं हळूच बाजूला केलं.

"ही पावतीच हाय न्हवं?"

"हो मावशी."

"थांबा."

त्यांनी पिशवीतून चष्मा काढला. नवा होता, एका काडीला दोरा बांधलेला. कागद खिडकीकडे धरला आणि अक्षरावर अक्षर ठेवत वाचायला लागल्या. मु. द. त. मग जरा थांबून, ठे. व. मागं रांगेत कुणीतरी चुकचुकलं. त्यांनी आकडा वाचला, तारीख वाचली, स्वतःचं नाव वाचलं. मग माझ्याकडे बघून मान हलवली आणि सही केली.

जूनमध्ये माझी वीस वर्षं भरली. 1 जुलैला नोटीस दिली आणि 30 सप्टेंबर हा शेवटचा दिवस ठरला. सोमवार होता. आदल्या दिवशी घट बसले होते आणि सहामाही क्लोजिंगची गर्दी, त्यामुळे निरोपाचे भाषण-बिषण काही झालं नाही, ते बरंच झालं. तिजोरीच्या दोन किल्ल्यांपैकी एक माझ्याकडे असायची. ती सोपवायची म्हणजे आधी आतली कॅश मोजायची, मग रजिस्टरात दोघांच्या सह्या. माझ्या जागी आलेली मुलगी सोलापूरकडची, जेमतेम पंचविशीची. तिनं प्रत्येक गड्डी काळजीनं मोजली. मी घाई केली नाही. रजिस्टरात वेळ लिहिली, सही केली, किल्ली तिच्या हातावर ठेवली. पर्सच्या आतल्या कप्प्यात ती किल्ली ठेवून चेन लावायची इतकी सवय होती की बाहेर आल्यावर माझा हात आपोआप तिकडं गेला.

टेबल रिकामं करताना त्या मुलीनं विचारलं, "मॅडम, इथलं काही विशेष लक्षात ठेवायचं आहे का?"

बंद पडणारा प्रिंटर, पावसात गळणारी खिडकी, पंधरा-जीचे फॉर्म कुठल्या ड्रॉवरमध्ये, हे सगळं मी सांगितलं. मग म्हटलं, "मार्चमध्ये मेढ्याकडच्या एक मावशी येतील. एका काडीला दोरा असलेला चष्मा. त्या सही करायच्या आधी कागद वाचतात. वेळ लागतो."

तिनं डायरीचं शेवटचं पान उघडलं आणि लिहून घेतलं.